खात्यावरचं पहिलं नाव

१२ फेब्रुवारी २०२५
पिंपळझरी, ता. देवळी

ताराचंद,
जयभीम.

आज बुधवार. सकाळी ढोरांच्या दवाखान्यात दोन बैल आणि एक शेळी आली होती. डॉक्टर साहेब वर्ध्याला मीटिंगला होते. शेळीच्या पायाला पट्टी बांधून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि देवळीच्या बँकेत गेलो. तू सह्या करून ठेवलेल्या चेकांपैकी एक भरून नेला होता. रविवारी विहाराचा स्लॅब टाकायचा आहे, रामाजी मिस्त्रींना सेंट्रिंगचे आणि सिमेंटवाल्याला त्याचे द्यायचे होते.

काउंटरवरच्या मॅडमनी चेक पाहिला, पुन्हा पाहिला, आणि मला मॅनेजरकडे पाठवलं. मॅनेजर नवे आहेत, लातूरकडचे. बसा म्हणाले.

"हे खातं कुणाचं आहे?"

"विहाराचं."

"इथे तर दोन माणसांची नावं दिसतात. ट्रस्ट आहे का?"

"नोंदणी व्हायची आहे."

"कधीपासून व्हायची आहे?"

तुला माहीतच आहे कधीपासून.

मग त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण मला त्यातलं अर्धंच कळलं. ते म्हणाले, "पहिल्या खातेदाराने, म्हणजे ताराचंद यांनी, वर्ध्याच्या कोर्टात नादारीचा अर्ज केला आहे. माझ्याकडून कर्ज फिटत नाही, मला दिवाळखोर जाहीर करा, असा. आमच्या बँकेचंही त्यांच्यावर कर्ज आहे, म्हणून नोटीस आम्हाला आली. त्यांचं नाव जिथे पहिलं आहे ती सगळी खाती आम्ही थांबवली. त्यात हेही आलं."

मी म्हटलं, साहेब, काहीतरी चूक आहे. ताराचंद असं काही करणार असता तर त्याने मला सांगितलं असतं. त्यांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं.

हिंगणघाटच्या दुकानाचं बरं चाललेलं नाही एवढं तू दिवाळीत बोलला होतास. ट्रक गेले ते मला लोकांकडून कळलं. बाकी मला काही माहीत नाही आणि मी विचारतही नाही. मॅनेजर म्हणाले, पैसा तुझा नसून गावाच्या वर्गणीचा आहे असं तू शपथपत्रावर लिहून दिलंस तर ते वरच्या ऑफिसला आणि कोर्टाला कळवतील. तेवढं लगेच कर. शंभराच्या स्टॅम्पवर होतं.

गावात मी सांगितलं की बँकेचा सर्व्हर बंद आहे. स्लॅब पुढच्या रविवारवर ढकलला. जयंतीची पहिली वंदना नव्या छताखाली व्हावी असं ठरलं आहे, तोपर्यंत वेळ आहे.

तुझा फोन बंद लागतो. रायपूरचा, तुझ्या मुलाकडचा पत्ता कमला वहिनींच्या भावाकडून घेतला.

मंदाचं तुला कळलं असेल. ७ जानेवारीला गेली. घरात आता मी एकटाच. जलदानविधीच्या पत्रिकेत गावातल्या निकेशने तुझं नाव टाकलं होतं, तू येशीलच असं धरून. आला नाहीस. काम असेल.

खुशाल

२ मार्च २०२५

ताराचंद,
जयभीम.

पत्र मिळालं असेल. पोस्टमन म्हणतो रायपूरला चार-पाच दिवसांत जातं.

मागच्या आठवड्यात वहिनींनी एकदा फोन उचलला. आवाज ओळखला आणि म्हणाल्या, "ते आंघोळीले गेले." संध्याकाळी केला तेव्हा पुन्हा आंघोळीलाच गेला होतास. त्यानंतर हाही फोन लागत नाही.

आज वंदनेनंतर टिनाच्या शेडमध्ये बैठक झाली. मी बोलावली नव्हती. सगळ्या बाया आधीच येऊन बसल्या होत्या. निकेश देवळीच्या मोबाइल दुकानात काम करतो, त्याने सुरुवात केली.

"काका, सर्व्हर एवढे दिवस बंद राह्यला असता तर बँकच बंद पडली असती."

मग मी खरं सांगितलं. तुझं नाव सांगावं लागलं, इलाज नव्हता. बँकेकडून खात्याचा उतारा आणला होता, तो निकेशने मोठ्याने वाचून दाखवला. रक्कम बरोबर होती. मला वाटलं संपलं.

धुरपताबाई पुढे बसल्या होत्या. त्या सांबार-कोथिंबिरीच्या जुड्या विकून दर आठवड्याला मंदाजवळ वर्गणी द्यायच्या, हे तुला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "कागदावर हाय ना पैसा? मंग काढून दाखव."

"काढता येत नाही, काकू. थांबवला आहे."

"म्हशीच्या थानात दूध हाय, पण पिळता येत नाई, असं सांगून राह्यला का तू मले? ढोरायचा डाक्टर हायस म्हून?"

सगळे हसले. मीही हसलो. बरं वाटलं असं नाही, पण हसलो.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "मंदा नागपूरले दवाखान्यात किती दिस होती? थो दवाखाना फुकट ठेवते का?"

आवाज मी ओळखला. कोणाचा ते लिहीत नाही. त्या बाईने मंदाला शेवटचं नेसवायला मदत केली होती.

कोणी तिला गप्प बस म्हणालं नाही. धुरपताबाईंनी खाली बघून चटईची काडी उपसली. निकेशने उतारा घडी करून माझ्या हातात दिला. बैठक तशीच उठली.

ताराचंद, मंदाच्या दवाखान्याचा खर्च माझ्या जीपीएफमधून झाला. तो अर्ज तू स्वतः माझ्या ओसरीत बसून भरून दिला होतास, कारण माझा चष्मा फुटला होता. हे तुझ्याशिवाय गावात कोणाला माहीत नाही, कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं तर मी सारवासारव करतो असं वाटेल. तू सांगितलंस तर वाटणार नाही. तुझा शब्द अजून चालतो इथे.

म्हणून शपथपत्राबरोबर गावाच्या नावे दोन ओळी लिही. पैसा खात्यात आहे, मंदाने त्याला हात लावला नाही. एवढंच. स्लॅब मागेपुढे झाला तर चालेल.

मंदा असती तर तिने त्या बाईला तिथेच उत्तर दिलं असतं. मला सुचत नाही. तुला आठवत असेल, खातं उघडायच्या वेळी ती एकटीच म्हणाली होती, "पैसा बाया जमा करतेत तं पह्यलं नाव बाईचं टाका." आपण सगळे हसलो होतो. गावात पत्रिका असो, पाटी असो, पहिलं नाव तुझं टाकायची रीत. गावातला पहिला साहेब तू. खात्यातही तेच केलं. पत्रिकेतलं पहिलं नाव आणि बँकेतलं पहिलं नाव यांत फरक असतो हे आपल्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. तुझ्या आलं होतं का, माहीत नाही.

रामाजी मिस्त्रींनी सेंट्रिंगच्या पाट्या उचलून दुसऱ्या कामावर नेल्या.

खुशाल

२० मार्च २०२५

ताराचंद,

मंगळवारी वर्ध्याला गेलो होतो. मॅनेजरनेच सांगितलं की वकील करा. मंजुषाताई म्हणून आहेत, कारंजा घाडग्याच्या, तरुण आहेत. त्यांनी तुझ्या अर्जाची नक्कल काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

मला वाटत होतं बँकेने चुकून आपलं खातं तुझ्या खात्यांबरोबर बांधलं. तसं नाही. तू स्वतः लिहिलं आहेस. तुझ्या मालमत्तेच्या यादीत, गहाण घर आणि दुकानाच्या मालानंतर: "बचत खाते, देवळी शाखा, अर्जदाराचे स्वतःचे." खाली सत्यप्रतिज्ञेवर सही. सही तुझीच आहे, ताराचंदचा च तू पुढे ओढतोस तसाच ओढलेला आहे.

तारीख १६ डिसेंबर.

मी ताईंना म्हटलं, तारीख पुन्हा बघा. त्यांनी बोट ठेवून दाखवली.

१८ डिसेंबरला तू मंदाला बघायला आला होतास. तिला नागपूरहून घरी आणून आठवडा झाला होता. तू संत्री आणली होतीस. तिच्या खाटेजवळ स्टुलावर बसलास आणि तिने चहा करायला मला आत पाठवलं. मी आतून ऐकत होतो. तिने उशाखालचा बटवा काढून तुझ्या हातात दिला. कापूस वेचणीचे पैसे बायांच्या हाती आले होते, त्यातली वर्गणी होती. ती म्हणाली, "ताराचंदभाऊ, हे उद्याच भरून टाकजा. माह्यापाशी राह्यले तं हे मास्तर दवाखान्यात घालतीन." मला ती मास्तर म्हणायची, गमतीने. तू म्हणालास, "भरतो वं. तू आराम कर."

आणि तू भरलेस. १९ तारखेला, उताऱ्यात आहे. पूर्ण रक्कम.

तू ते पैसे खाल्ले असतेस तर मला समजलं असतं. गरजेला माणूस खातो. मी ते गावाला सांगितलंही नसतं, स्वतःचे टाकले असते. पण तू ते नेऊन भरलेस, तीन दिवस आधी जे खातं तू आपलं म्हणून लिहून दिलं होतंस त्यात. तुला फक्त एवढं म्हणायचं होतं की मंदा, सध्या राहू दे, खुशालजवळ ठेव. ती आजारी होती, कारणही विचारलं नसतं तिने.

तू चहा पूर्ण घेतलास. जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवलास.

ताई म्हणाल्या, कोर्टाने ते खातं तुझं धरलं तर पैसा तुझ्या घेणेकऱ्यांमध्ये वाटला जाईल. ते थांबवायचं तर मला हरकत घ्यावी लागेल. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही हरकत घेतली आणि ती टिकली तर तुमच्या मित्राने खोटी शपथ घेतली असं होईल. त्यांचा अर्ज फेटाळला जाऊ शकतो, त्यावर केसही होऊ शकते. घरी जाऊन विचार करा."

मी विचार करतो म्हणून आलो. कोर्टाची पेशी ६ मे रोजी आहे. त्याआधी तू स्वतः कोर्टात लिहून दिलंस की हे खातं चुकून यादीत आलं, तर दुरुस्ती होते. तुझं काही बिघडत नाही. ताईंना मी पुन्हा पुन्हा हेच विचारलं. होते म्हणाल्या.

मी अजून हरकत घेतलेली नाही.

खुशाल

१५ एप्रिल २०२५

ताराचंद,

तुझं पत्र ९ तारखेला आलं. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, तरी अक्षर ओळखलं. वाचून ठेवून दिलं होतं. आज उत्तर लिहितो.

तू लिहिलंस की पैसा विहाराचा आहे असं म्हटलं तर कोर्ट विचारेल, लोकांची वर्गणी एवढी वर्षं दोघांनी स्वतःच्या खात्यात का ठेवली. मग तुझ्याबरोबर मीही अडकेन. तुझ्या वकिलाने सांगितलं आहे की गप्प बसणं दोघांच्या हिताचं आहे. असेल. मला कायदा कळत नाही. पण माझं हित तू काढायची गरज नव्हती.

तू लिहिलंस, सगळं निवळलं की तू स्वतःच्या हाताने सगळा पैसा परत करशील. दिवाळखोर जाहीर झालेला माणूस कुठून करेल ते लिहिलं नाहीस.

तू लिहिलंस, तोपर्यंत बायांना सांग की पैसा बांधकामात लागला.

ही ओळ मी बराच वेळ वाचत होतो. बांधकाम त्यांच्या डोळ्यापुढे आहे, ताराचंद. विटा त्यांनी डोक्यावर वाहिल्या आहेत. किती लागल्या ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि पैसा लागला म्हटलं आणि तो दिसला नाही, की तो कुठे लागला हे त्या दुसऱ्यांदा विचारणार नाहीत. त्यांनी ते आधीच ठरवलं आहे.

शेवटी तू लिहिलंस की मंदा असती तर तिने समजून घेतलं असतं. मंदाने काय केलं असतं ते तू लिहू नको.

काल जयंती झाली. उघड्या खांबांवर कापडी मांडव टाकला आणि त्याखाली वंदना घेतली. निकेशबरोबरच्या पोरांनी रोषणाई चांगली केली. दुपारी पोरी घरोघर खीर देत होत्या. माझ्या शेजारी दिली, मग समोर दिली, मग पुढे गेल्या. त्यांच्या आया त्यांना काय सांगतात ते पोरींना काय माहीत.

गुंजन चंद्रपूरहून आली होती. तिची आई गेल्यापासून पहिल्यांदाच दोन दिवस राहिली. आज सकाळी देवळीच्या बसस्टँडवर तिची बस यायची होती. तिने बॅग खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"बाबा, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"आईच्या वेळी पैसे कमी पडले होते का? म्हणजे, तुम्ही कुठून... नाही, जाऊ द्या."

"जीपीएफमधून."

"हो. मला वाटलंच."

तिला वाटलं नव्हतं. मला कळलं. वाटलं असतं तर तिने विचारलं नसतं. गावात तिला कोणी तरी सांगितलं होतं आणि बसस्टँडपर्यंत ती ते घेऊन चालली होती.

तिची बस गेली. गावात परत न येता मी दुसऱ्या बसने वर्ध्याला गेलो आणि मंजुषाताईंच्या कागदावर सही केली. हरकत आजच दाखल झाली. तुला नोटीस येईल. कोर्टाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. मला तसं कोणी कळवलं नव्हतं.

खुशाल

८ मे २०२५

ताराचंद,

परवा तू कोर्टात होतास, त्यामुळे तिथलं तुला सांगायची गरज नाही. तरी लिहितो. तू खाली बघत होतास, मी काय काय पाहिलं ते तुला दिसलं नसेल.

ताईंनी सांगितलं होतं की वर्गणी देणाऱ्या काही जणी साक्षीला आणा. मला वाटलं कोणी येणार नाही. सकाळी जीप भरली. मला मदत करायला आल्या असं समजू नको. मी खोटं बोलतो का ते बघायला आल्या होत्या. धुरपताबाईंनी तसं जीपमध्ये बसता बसता सांगितलंच, "पाहू तं खरं, कोण कोणाले बुडवून राह्यला." त्यांनी भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता. मला दिला नाही.

तू बारीक झाला आहेस. पांढरा शर्ट होता, बाही आखूड वाटत होती. मुलाचा असावा.

तुझ्या वकिलाने मला विचारलं, खात्यात पहिलं नाव कोणाचं. मी सांगितलं, ताराचंदचं. कोणी ठरवलं. गावाने. कोणाची सक्ती होती का. नाही. मग त्यांनी न्यायाधीश मॅडमकडे बघून मान हलवली, जणू मी त्यांचाच साक्षीदार होतो.

मग मॅडमनी थेट तुला विचारलं. तेव्हा मी तुझ्याकडे बघत होतो. मला खरंच वाटत होतं की आता तू सांगशील. एवढं सगळं होऊनही मला तसं वाटलं.

"या खात्यातली रक्कम कोणाची?"

"माझी."

"सगळी?"

"हो. सगळी रक्कम खात्यात आहे आणि ती माझी आहे."

"मागे बसलेल्या या बाई म्हणतात, वर्गणी त्यांनी दिली. तुम्ही यांना ओळखता?"

तू मागे वळलास. धुरपताबाई उभ्या राहिल्या होत्या. तू त्यांच्याकडे बघून पुन्हा पुढे वळलास.

"गावच्या आहेत."

"गावची?" त्या म्हणाल्या. "आता मी गावची झालो? तुही माय बाळंतपणात अंथरुणाले खिळली होती तवा तुले कोनं न्हाऊ घातलं गा? गावानं?"

"बाई, इथे असं मध्ये बोलता येत नाही," मॅडम म्हणाल्या.

"मंग कुठं बोलू साहेब? थो तं फोन उचलत नाई."

कारकूनही हसला. तू हसला नाहीस. मॅडमनी डोळ्यावरचा चष्मा काढून पुसला आणि त्यांना बसायला सांगितलं, आवाज न चढवता.

पुढचं तुला माहीत आहे. आमच्या हरकतीचा निकाल लागेपर्यंत पैसा घेणेकऱ्यांत वाटायचा नाही आणि खातं उघडायचंही नाही. पुढची तारीख सुट्ट्यांनंतर. ताई म्हणतात वर्ष लागेल, दोन लागतील. म्हणजे स्लॅब गेला.

परत येताना जीपने सालोड गाव मागे टाकलं तेव्हा धुरपताबाई म्हणाल्या, "म्हणजे पैसा तिथंच हाय."

निकेश पुढे बसला होता. "हो आजी. पुरा हाय. थो सोताच म्हणाला, सगळी रक्कम हाय म्हून."

"एक पैसा कमी नाई?"

"नाई."

"मंग मंदीनं नाई खाल्ला."

ड्रायव्हरने गाणं लावलं होतं ते बंद केलं.

"आपण तिले काय काय म्हटलं वं बायाहो," त्या म्हणाल्या. मग पदर तोंडावर घेतला. जिचा आवाज मी त्या दिवशी ओळखला होता ती माझ्या समोरच्याच सीटवर होती. तिने खिडकीबाहेर तोंड केलं ते गाव येईपर्यंत. गावात उतरल्यावर धुरपताबाईंनी उरलेली भाकरी माझ्या हातात ठेवली आणि घरी गेल्या.

मी दोन महिने तुझ्याकडे दोन ओळी मागत होतो. पैसा खात्यात आहे, मंदाने त्याला हात लावला नाही. तू त्या दिल्या नाहीस. परवा तू पैसा माझा आहे असं शपथेवर खोटं बोललास, आणि त्यातून गावाला खरं कळलं. उतारा दाखवून माझ्यावर विश्वास बसला नव्हता. तू तो पैसा घेऊन बसलास म्हटल्यावर लगेच बसला. माणसाने पैसा माझा म्हटलं म्हणजे पैसा आहे, एवढं सगळ्यांना कळतं. यासाठी तुझे आभार मानावेत का, ते मला ठरवता येत नाही. मानत नाही.

कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर तू माझ्याजवळ आलास. बाया जीपकडे गेल्या होत्या. तू म्हणालास, "खुशाल, मंदाले शेवटी लय तरास झाला का गा?"

मी पेला ठेवला, पैसे दिले आणि निघालो. तुला वाटलं असेल मी ऐकलं नाही. ऐकलं होतं. तिथे तोंड उघडलं असतं तर काय बोललो असतो माहीत नाही. इथे लिहितो.

हो, झाला. शेवटी शेवटी ती बोलतही नव्हती. त्याआधी एकदा तिने विचारलं, "ताराचंदभाऊनं भरले का ते पैसे?" मी म्हटलं, भरले. ती म्हणाली, "मंग बरं झालं."

यापुढे मी पत्र लिहिणार नाही. तुझ्याकडून आलं तर ताईंकडे देईन. पेशीला भेट होईलच.

आज गुरुवार, दवाखान्यात दुपारची पाळी होती. रामाजी मिस्त्री परवा म्हणाले होते की स्लॅब लांबला, तर खांबांच्या वर निघालेल्या सळाखींना सिमेंटचं पाणी फासून ठेवा, नाहीतर पावसाळ्यात गंजून फुगतील आणि पुढे काँक्रीट धरणार नाही. मी सकाळी उजाडल्यावर गेलो. शेडमध्ये फुटलेल्या पोत्यात थोडं सिमेंट उरलं होतं. ते चाळून घमेल्यात घेतलं, पाणी घालून पातळ केलं. निकेश येतो म्हणाला होता, पण ऊन तापायच्या आत व्हावं म्हणून त्याची वाट पाहिली नाही. शिडी लावायची, वर चढायचं, ब्रशने सळाखी चारी बाजूंनी फासायच्या, उतरायचं, शिडी पुढच्या खांबाला लावायची. अर्धे खांब झाले तेव्हा घमेल्यातलं घट्ट होऊ लागलं होतं. खाली उतरून त्यात थोडं पाणी घातलं आणि काडीने ढवळलं.

खुशाल